सावळा रंग गॅमटच्या आत असतो

मराठी समीक्षेला ‘रंग’ हा शब्द फार प्रिय आहे. नाटक रंगते, मैफल रंगते, कादंबरीला प्रादेशिक रंग चढतो आणि एखाद्या कवीची प्रतिमासृष्टी रंगसंवेदनांनी समृद्ध असल्याचे आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हमखास लिहितो. परंतु कागदावर शाईने प्रत्यक्ष उमटणाऱ्या रंगाविषयी आपण साहित्याची माणसे सहसा बोलत नाही. ते काम छापखान्याचे, असे आपण गृहीत धरले आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात एक अनुस्वार राहून गेला तर संपादक मंडळ अस्वस्थ होते. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावरील सावळ्या मुलीचा चेहरा छापताना गव्हाळ होऊन आला तर मात्र कोणी हरकत घेत नाही. पहिली गोष्ट आपण चूक मानतो, दुसरी छपाईचा भाग. या भेदाविषयी काही म्हणावे, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

निमित्त घडले ते एका साध्या फोटो इंकजेट प्रिंटरचे. आम्ही काही मंडळी यवतमाळ जिल्ह्यात काढलेली छायाचित्रे घरीच छापत आलो आहोत. त्यांत कापसाची वेचणी करणाऱ्या बाया आहेत, झरी-जामणी आणि मारेगावकडील कोलामांचे पोड आहेत, पुसद-दिग्रसच्या बाजूचे बंजारा तांडे आहेत, वणीचा कोळसा आहे आणि फाल्गुनातला पळसही आहे. ही छायाचित्रे छापताना ‘रंग बरोबर आला’ या वाक्याचा अर्थ नेमका काय, असा प्रश्न वारंवार पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता जे हाती लागले ते केवळ तंत्र नव्हते. अनुवादाच्या वर्गात आपण जी चर्चा करतो तीच येथे आकड्यांच्या भाषेत चाललेली दिसली.

प्रथम तंत्र थोडक्यात सांगितले पाहिजे. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइलिंग हे दोन शब्द जोडीने उच्चारले जातात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला एका ठरावीक, पुन्हा गाठता येईल अशा अवस्थेत आणणे. गाण्याआधी तंबोरा लावावा तसे. पडद्याचा शुभ्र रंग साधारण ६५०० केल्विनवर आणायचा, त्याची उजळी खोलीतल्या प्रकाशाला साजेल इतकी उतरवायची, प्रिंटरची नोझल तपासायची, हेड सरळ करायचे. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळत असतो. त्या दिवसांत प्रिंटर आठवडाभर बंद राहिला की शाई नोझलच्या तोंडाशी वाळते आणि निळ्या रंगातल्या चार रेषा गुपचूप नाहीशा होतात. अशा अवस्थेत पुढचे सारे व्यर्थ.

प्रोफाइलिंग ही त्यानंतरची पायरी. तिच्यात यंत्राला सुधारायचे नसते. ते जसे आहे तसे त्याचे वर्णन करायचे असते. शेकडो रंगचौकोन असलेला एक तक्ता छापायचा, आणि तो छापताना ड्रायव्हरमधील रंगसुधारणेचे सर्व पर्याय बंद ठेवायचे. मग शाई पुरती वाळू द्यायची. घाई न करता एक रात्र जाऊ द्यावी हे उत्तम. नंतर स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या उपकरणाने एकेक चौकोन मोजायचा. आपण मागितले काय आणि कागदाने दिले काय, याची ही जंत्री म्हणजे प्रोफाइल. ती त्या प्रिंटरची, त्या शाईची आणि त्या कागदाचीच असते. कागद बदलला की प्रोफाइल बदलले. १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने या जंत्रीचा एक सामाईक साचा ठरवला. कॅमेरा, पडदा आणि प्रिंटर यांची प्रत्येकाची बोली वेगळी. त्यांच्यामधे एक मध्यस्थ भाषा ठेवली गेली. प्रत्येक यंत्राचे बोलणे आधी त्या भाषेत यावे आणि तेथून दुसऱ्या यंत्राच्या बोलीत जावे, अशी ही व्यवस्था आहे.

ही मध्यस्थ भाषाही आकाशातून पडलेली नाही. तिचा पाया ‘प्रमाण निरीक्षक’ या कल्पनेवर आहे, आणि १९३१ साली निश्चित झालेला तो प्रमाण निरीक्षक राइट व गिल्ड या दोन संशोधकांनी इंग्लंडमध्ये तपासलेल्या अवघ्या सतरा माणसांच्या डोळ्यांवरून काढलेली सरासरी आहे. प्रमाणभाषा कशी घडते याचा अभ्यास करणाऱ्यांना यात काही ओळखीचे वाटावे. तथापि एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. ही सरासरी डोळ्याची आहे; कोणता रंग सुंदर, याविषयी ती काहीही सांगत नाही.

आता अनुवादाकडे येऊ. प्रत्येक कागद-शाईच्या जोडीला रंगांची एक मर्यादा असते. तिला गॅमट म्हणतात. पडद्यावर प्रकाशाने दिसणारे काही रंग त्या कुंपणाबाहेर राहतात. त्यांचे काय करायचे? आयसीसीच्या व्यवस्थेत याची चार उत्तरे आहेत, त्यांना रेंडरिंग इंटेंट असे नाव आहे. पहिल्या उत्तरात सगळेच रंग थोडे थोडे आत ओढून घेतात. एकही रंग नेमका राहत नाही, पण त्यांचे आपापसांतले नाते टिकते. हा भावानुवाद. दुसऱ्यात कुंपणाच्या आतले रंग जसेच्या तसे ठेवतात आणि बाहेरच्यांना सर्वांत जवळच्या कडेवर आणून बसवतात. शुभ्राची जागा मात्र नव्या कागदाचा शुभ्र घेतो. जमेल तेथे शब्दशः, न जमेल तेथे जवळचा प्रतिशब्द. तिसऱ्यात मूळ कागदाची पिवळट झाकसुद्धा नव्या कागदावर उतरवतात. मूळ कृतीचे परकेपण जपणाऱ्या अनुवादकाला हा मार्ग पटेल. चौथ्यात नेमकेपणाची पर्वा न करता भडकपणा राखतात. तक्ते आणि जाहिराती यांना तो उपयोगी, आणि रंगभूमीवरील सैल रूपांतराशी त्याचे नाते जवळचे.

या चौघांपैकी एकही निर्दोष नाही. पण चौघांचेही नाव घेता येते, आणि आमच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट आहे. अनुवादकाने प्रस्तावनेत ‘मी काय सोडले आणि का सोडले’ हे सांगावे, अशी अपेक्षा आपण करतो व ती बहुधा पुरी होत नाही. येथे यंत्र ती पुरी करते. छपाईपूर्वी पडद्यावर ‘सॉफ्ट प्रूफ’ पाहिले आणि गॅमटचा इशारा चालू केला की कोणते रंग हरवणार आहेत ते आधीच कळते.

पळसाचे उदाहरण घ्या. पांढरकवड्याच्या रस्त्याला मार्चमध्ये पेटलेला पळस आम्ही मॅट कागदावर छापू गेलो तेव्हा फुलाचा जवळजवळ सारा भाग इशाऱ्याने झाकला गेला. ती केशरी धग त्या कागदाला झेपणारी नाही. बंजारा स्त्रियांच्या पोशाखातील काही लाल छटांचेही तसेच झाले. वणीच्या कोळशाने दुसऱ्या टोकाची अडचण केली: मॅट कागदाचा सर्वांत गडद काळाही खऱ्या काळ्याच्या अलीकडेच थांबतो, त्यामुळे ओली काळी माती, कोळसा आणि छपराखालची सावली हे तीन काळे एकमेकांत मिसळू पाहतात. या साऱ्या ठिकाणी आम्ही हात टेकले, त्याला इलाज नव्हता. माध्यमाची मर्यादा म्हणतात ती हीच.

मग त्याच छायाचित्रांतली माणसे पाहिली. उन्हात राबलेल्या बायांचे चेहरे, कोलाम वृद्धाचे हात, तांड्यावरची मुले. यांतल्या एकाही त्वचेवर इशारा उमटला नाही. उमटण्याचे कारणही नाही. माणसाच्या त्वचेचे रंग, मग ती गोरी असो वा काळी, भडकपणाच्या मोजमापात मध्यम असतात आणि साध्या फोटो प्रिंटरच्या आवाक्यात सहज बसतात. सावळा, काळासावळा, निमगोरा, गव्हाळ हे आपल्या भाषेतले सारे वर्ण गॅमटच्या आत आहेत.

या लेखाचे सारे म्हणणे या एका निरीक्षणावर उभे आहे. पळसाचा केशरी कागदावर आला नाही, तर ती माध्यमाची असमर्थता. सावळी माणसे कागदावर सावळी आली नाहीत, तर ती कोणाची तरी निवड. प्रोफाइल नसते तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून जातात आणि निवडीला असमर्थतेचे पांघरूण मिळते. ‘प्रिंटरच असा आहे’, ‘कागदच असा आहे’, ‘फोटोत थोडे उजळच येते’ ही वाक्ये मग खपून जातात. मोजमापामुळे निवड उघडी पडते.

ही निवड आजची नाही आणि केवळ आपलीही नाही. रंगीत छायाचित्रणाच्या प्रसाराच्या काळात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना छपाईचे रंग जुळवण्यासाठी एक नमुना छायाचित्र पुरवीत असे. त्यावरील स्त्री गोरी होती. ‘शर्ली’ या नावाने ते कार्ड ओळखले जाई. तिची त्वचा बरोबर आली की छपाई बरोबर, असा हिशेब. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कार्डाचा इतिहास मांडला आहे. त्यातली एक नोंद विसरता येणार नाही: तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत, अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी सामान यांचे उत्पादक करू लागले, तेव्हा त्या छटांकडे कंपनीतल्या तंत्रज्ञांचे लक्ष गेले. अनेक वर्णांच्या स्त्रिया दाखवणारी कार्डे १९९० च्या दशकात आली. याउलट उदाहरणही आहे. १९७६ साली आलेला मॅकबेथ कलरचेकर हा चोवीस चौकोनांचा तक्ता आजही जगभर वापरला जातो, आणि त्यातल्या पहिल्या चौकोनाचे नाव ‘गडद त्वचा’ असे आहे. उजळ त्वचेचा क्रमांक दुसरा. मापनाच्या शास्त्राने जी सभ्यता पन्नास वर्षांपूर्वी दाखवली, ती आपल्या व्यवहारात अद्याप उतरलेली नाही.

आपल्याकडची परंपराही तपासून पाहावी. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेल्या तेथील देवदेवतांच्या चित्रांनी घराघरांत देव्हाऱ्याची दृश्यभाषा घडवली. त्या लक्ष्मी-सरस्वतींची कांती आपल्या डोळ्यांत इतकी मुरली आहे की ‘छापलेला चेहरा’ म्हणजे ‘उजळ चेहरा’ हे समीकरण आपण प्रश्न न विचारता स्वीकारतो. ज्या भाषेतल्या भक्तांनी ‘सावळा’ हे विठ्ठलाचे विशेषण शतकानुशतके आळवले, त्याच भाषेतल्या विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ ही अट छापली जाते. विठ्ठलाला दिलेली मुभा शेजारच्या मुलीला नाही.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न दोन्ही बाजूंनी येतो. पहिली बाजू गावातल्या स्टुडिओची. पासपोर्ट फोटो असो, लग्नाचा अल्बम असो की भिंतीवर हार घालून लावायची तसबीर असो, चेहरा उजळ करणे हा सेवेचाच भाग समजला जातो. त्यासाठी गिऱ्हाइकाला विचारण्याचीही रीत नाही. आता तर मोबाइलचा कॅमेराच हे काम न सांगता करतो. दुसरी बाजू बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्याची. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्या काळापासून शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून यवतमाळची छायाचित्रे देशभर गेली. त्यांतली अनेक प्रामाणिक होती. पण एक साचाही तयार झाला. जमीन प्रत्यक्षाहून पिवळी, आकाश प्रत्यक्षाहून करडे, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कॉन्ट्रास्ट वाढवून खोल केलेल्या आणि त्वचा प्रत्यक्षाहून काळी. दुःख दिसावे म्हणून माणूस काळवंडलेला. काळी माती ओली असते, तुरीला पिवळा बहर येतो, फुटलेल्या बोंडाचा पांढरा किंचित साईसारखा असतो, हे त्या चित्रांतून नाहीसे झाले.

म्हणजे ज्याला माणसाचे कौतुक करायचे तो त्याला गोरे करतो आणि ज्याला त्याची कणव येते तो त्याला काळे करतो. दोघांनाही तो आहे तसा चालत नाही. अशा वेळी अचूक रंग ही केवळ तांत्रिक चैन राहत नाही. दोन्ही प्रकारच्या हस्तक्षेपाला दिलेला तो नकार ठरतो. त्वचेच्या चौकोनाचे मोजमाप अमुक आहे, छपाईत ते तमुक आले, फरक डोळ्याला जाणवणार नाही इतका थोडा आहे: या रुक्ष वाक्यात माणसाविषयीचा जो आदर आहे, तो अनेक सहृदय लेखांत आम्हांस आढळलेला नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला असा की अचूकता ही मुळातच भ्रामक कल्पना आहे. मूळ रंग कोणता म्हणायचा? अजिंठ्याचे उदाहरण बोलके आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून पुढे वर्षानुवर्षे खपून केलेल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच लंडनमध्येच आगीत गेल्या. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांना संरक्षक लेप दिला आणि कालांतराने तो पिवळा पडला. त्यानंतरच्या अनेक छायाचित्रांत जो ‘अजिंठ्याचा सोनेरी उबदारपणा’ दिसतो, त्यात चित्रकाराचा वाटा किती आणि लेपाचा किती? शिवाय रंग प्रकाशावरही अवलंबून असतो. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा अंगणातल्या उन्हात वेगळ्या दिसू शकतात. तर मग बरोबर कशाला म्हणायचे?

आक्षेप खरा आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष खरा नाही. अंतिम अचूकता नाही म्हणून सर्व विकृती सारख्याच, असे होत नाही. ज्ञानेश्वरीची अंतिम संहिता हाती नाही म्हणून पाठचिकित्सा कोणी सोडून दिली नाही. उलट त्यासाठीच ती लागते. पाठभेद नोंदवणारा संपादक आणि मनास येईल तो शब्द घालणारा संपादक यांत आपण फरक करतो. प्रोफाइल ही रंगांची पाठचिकित्सा आहे. कोणत्या प्रकाशात, कोणत्या कागदावर, कोणत्या मार्गाने, हे ती सांगते आणि पुढच्याला तपासू देते. अजिंठ्याचा लेप पिवळा आहे हे तरी कशावरून कळले? कोणीतरी बारकाईने तुलना केली म्हणूनच.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. ज्याचे छायाचित्र, त्यालाच उजळ चेहरा हवा असेल तर? आमच्याकडेही एका मावशींनी स्वतःच्या छायाचित्राकडे पाहून ‘मी एवढी काळी हाओ का?’ असे विचारले होते. त्यांना मापनशास्त्र ऐकवणे उद्धटपणाचे झाले असते. स्वतःच्या भिंतीवर स्वतःची तसबीर कशी असावी, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. आमचा आग्रह एवढाच की ती इच्छा त्या माणसाने बोलून दाखवावी. छापणाऱ्याने ती परस्पर गृहीत धरू नये. आणि जे छायाचित्र पुस्तकात, प्रदर्शनात किंवा वार्षिकांकात साक्ष म्हणून जाते, तेथे हा हक्क लागू होत नाही. साक्षीदाराचा चेहरा बदलून साक्ष नोंदवता येत नाही. राहिला त्या मावशींचा प्रश्न. त्यांनी आजवर छापलेले जे जे चेहरे पाहिले, त्यांत त्यांच्या वर्णाचा चेहरा बहुधा नव्हताच. अशा छपाया चार ठिकाणी दिसू लागल्या की त्या प्रश्नातले आश्चर्य आपोआप कमी होईल, असे आम्हांस वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा सारा प्रकार परका वाटू नये. वऱ्हाडी बोली प्रमाण मराठीच्या पानावर येते तेव्हा तिचेही असेच दुहेरी रूपांतर होते. एक संपादक तिला सुधारून उजळ करतो. दुसरा लेखक विनोदासाठी अथवा दैन्यासाठी तिचे हेल वाढवून तिला भडक करतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली तेव्हा तिने काय केले, ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे: तिच्यातील बोली कौतिकच्या संसाराइतकीच साधी आहे, ना सजवलेली, ना केविलवाणी केलेली. वऱ्हाडीतले शब्द मराठीच्या गॅमटबाहेरचे नाहीत, हे त्या कादंबरीने दाखवून दिले. काही छटा निसटतच असणार, जसा आमचा पळस निसटला. पण जे आत आहे ते बाहेरचे म्हणून टाकून देण्याची सवलत कोणाला उरली नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. प्रोफाइल करण्याचे उपकरण महाग असते हे खरे. पण दोनतीन महाविद्यालयांनी मिळून ते घेणे अशक्य नाही, आणि आर्गिलसारखी प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. तेही न जमले तर किमान एवढे करावे. वार्षिकांकाचे मुद्रितशोधन ज्या टेबलावर चालते, त्याच टेबलावर मुखपृष्ठाचा कच्चा छाप ठेवावा, तो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात न्यावा, आणि छायाचित्रातली विद्यार्थिनी वर्गातच असेल तर तिला शेजारी उभे करून दोन्हींकडे नीट पाहावे. तिचा रंग कागदावर उतरला नसेल, तर जेथे चुकलेल्या अनुस्वाराची खूण करतो तेथेच, त्याच लाल शाईने, तशीच खूण करावी.